रेइश मागूशच्या किल्ल्यावरची कामाची वही, 2008 ते 2012

17 नोव्हेंबर 2008
आजपासून वही सुरू. पणजीहून फेरीने बेती, तिथून वेरें आणि मग रेइश मागूश, म्हंजे फेरीतून उतरल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत किल्ल्याखाली पोचतो. मांडवीच्या मुखाशी नदी जिथे आकसते नेमका तिथे हा टेकाडावर बसलेला, समोर पणजी, डावीकडे बार्जेसची रांग, उजवीकडे उघडा समुद्र. समोरच्या काठावर गाश्पार दियशचा किल्ला होता, दोघांच्या तोफा मधल्या पाण्यावर मारा करायच्या. तो आता जमिनीवर उरलेला नाही, हा उरलाय.

मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे लहानपणी ऐकलेलं की सावंतवाडीकर भोसल्यांनी 1739 साली बार्देश, म्हंजे हा मांडवीच्या उत्तरेचा मुलूख, घेतला तेव्हा फक्त आग्वाद आणि हा असे दोनच किल्ले हातात आले नाहीत. आज तटाखाली उभा राहून वर बघितलं आणि का नाही आले ते कळलं. जांभ्याचा कडा आणि त्यावर जांभ्याचाच तट, कुठे खडक संपला आणि कुठे बांधकाम सुरू झालं ते सांगता येत नाही.

पोर्तुगीजांनी 1551 ला बांधायला घेतला, 1707 ला जवळजवळ नव्याने उभा केला. पुढे सैन्याला नकोसा झाला आणि विसाव्या शतकात तुरुंग झाला, तो 1993 पर्यंत. त्यानंतर पंधरा वर्षं कुणी नाही. छपरं बसलीत, आत रान. आता गोवा सरकार, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि लंडनची हेलन हॅम्लिन ट्रस्ट मिळून काम काढलंय, आर्किटेक्ट जेरार्ड द कुन्हा. झालं की इथे सांस्कृतिक केंद्र होणार, प्रदर्शनं, गाणं, कार्यक्रम. माझ्याकडे गवंडीकाम बघायचं आहे, चुना, चिरे म्हंजे जांभ्याचे घडवलेले दगड, दरजा म्हंजे त्यांच्यामधले सांधे, गिलावा. आज फक्त फिरलो आणि फोटो काढले. मिस्त्री माझ्या मागे मागे प्रत्येक भिंतीला बोट लावून बघत होते आणि एकदाच बोलले, "हिला आतून तहान लागलीय." म्हंजे दरजांमधला चुना सगळा धुऊन गेलाय.

9 डिसेंबर 2008
चुन्याचे खड्डे तयार झाले, तीन, आतून चिऱ्याने बांधून घेतले. कळीचा चुना आला तो पहिल्या खड्ड्यात सोडला. ज्यांनी हे कधी बघितलेलं नाही त्या पोरांना लांब उभं केलं, डोळ्यांना गॉगल, अंगात पूर्ण बाह्यांचे शर्ट, कारण कळीवर पाणी पडलं की ती उकळते, शब्दशः उकळते, वाफ निघते आणि खदखदून शिंतोडे उडतात. अर्ध्या तासात दगडासारखे खडे फुटून लोण्यासारखं होतं. ते चाळून दुसऱ्या खड्ड्यात, वर चार बोटं पाणी कायम राहिलं पाहिजे, हवा लागता कामा नये. मिस्त्री म्हणतात जितका मुरेल तितका चांगला, तीन महिने तरी हात लावू नका.

वरून दबाव आहे की जानेवारीत भिंत सुरू झालेली दिसली पाहिजे. मी स्पष्ट सांगितलं, सिमेंट लावायचं असेल तर उद्या सुरू करतो, चुना लावायचा तर मार्च. सिमेंट लावायचं नाहीये हे आधीच ठरलेलं आहे आणि ते का, हे मी प्रत्येक नव्या माणसाला समजावत बसतो. जांभा पाणी पितो आणि सोडतो, सच्छिद्र दगड आहे. त्यावर सिमेंटचा कडक थर मारला की आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही, मग ते दगडातूनच वाट काढतं, येताना मीठ घेऊन येतं, मीठ सुकलं की स्फटिक फुगतात आणि दगडाचा भुगा होतो. जेलच्या काळात जिथे जिथे सिमेंटचे थर मारलेत तिथे आज ते काढले तर मागून लाल माती पडते, चिरा नाहीच. मऊ दगडाला मऊच मसाला लागतो, फुटायचं झालं तर दरज फुटली पाहिजे, चिरा नाही. दरज परत भरता येते.

6 जानेवारी 2009
आज काम बंद, खाली चर्चची फेस्त, म्हंजे जत्रा. रेइश मागूश म्हंजेच तीन राजे, येशूला बघायला आले ते. गावातली तीन पोरं राजे होऊन घोड्यावरून येतात. आम्ही सगळे गडी वरच्या वाटेवरून बघत होतो. हे चर्च 1555 चं, किल्ल्याच्या अगदी पायाशी, मोठ्ठ्या पायऱ्या. आज कळलं की वर कार्यक्रम झाला तर गाड्या कुठे लागणार हा प्रश्न किल्ल्याचा नाहीच, गावाचा आहे. रस्ता अरुंद, आज फेस्तीलाच तुंबला होता. नोंद करून ठेवतो, पुढे मीटिंगमध्ये काढायची.

24 मार्च 2009
पहिली भिंत उघडली. नदीच्या बाजूचा तट, त्यात पिंपळाने घर केलेलं. पोरं उत्साहाने मुळी ओढायला लागली तर मिस्त्री धावत आले, त्यांचा आवाज इतका चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मूळ हाताएवढं जाड आणि चार चिऱ्यांच्या मधून गेलेलं, ते ओढलं तर चारही चिरे बरोबर येणार. झाड वरून कापायचं, बुंध्याला भोकं पाडून औषध भरायचं, मूळ मरू द्यायचं, मग जेवढे चिरे ढिले झालेत तेवढेच उतरवायचे, मेलेलं मूळ तुकड्या-तुकड्याने काढायचं आणि चिरे परत तिथेच.

तिथेच म्हंजे तिथेच. प्रत्येक चिऱ्यावर खडूने आकडा, फोटो, वहीत चित्र. वरून सातवी रांग, डावीकडून चौथा, असं. एका पोराने विचारलं सगळे सारखेच तर आहेत, काय फरक पडतो. मी त्याला दोन चिरे हातात दिले. एकाची एक बाजू काळी पडलेली, कडक, घासली तरी जात नाही, तिने तीनशे वर्षं वारा-पाऊस खाल्लाय. बाकीच्या बाजू लाल आणि मऊ, नखाने खरवडल्या तर पावडर निघते. जांभा खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, हवेत राहून राहून कडक होतो, ती कडक पाठ म्हंजे त्याचं चिलखत. उलटा लावला तर मऊ पोट समुद्राकडे. पोरगा गप्प झाला आणि मग दिवसभर तोच बाकीच्यांना सांगत होता.

मसाला आज पहिला मळला. मुरलेला चुना एक, वाळू तीन, वाळू खाडीची नाही हे दहा वेळा बजावून, मीठ नको. त्यात थोडी सुरखी, म्हंजे विटांची पूड, आणि गूळ-हिरड्याचं पाणी, हिरडा दहा दिवस भिजत घातलेला. वास गोड-तुरट येतो, माश्या घोंघावतात. हातावर घेऊन मिस्त्रींनी थापी उलटी केली, मसाला पडला नाही. म्हणाले, लावा.

2 जून 2009
ताडपत्र्या. सगळं झाकलं, परांच्या उतरवल्या. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. ऑक्टोबरपर्यंत फक्त आतली किरकोळ कामं आणि पाणी कुठून येतं ते बघणं.

22 जुलै 2009
पावसात किल्ला बघितल्याशिवाय किल्ल्याचं काम कळत नाही. आज रेनकोट घालून तीन तास नुसता फिरलो आणि कोरड्या दिवसांत जे नकाशावर दिसलं नव्हतं ते दिसलं. बांधणाऱ्यांनी चौकाला उतार दिलेला आहे, एवढासा, ओळंबा-लेव्हल लावली तरच कळतो, पण पाणी बरोबर एका कोपऱ्याकडे पळतं आणि तिथे तोंड बुजलेलं आहे. जेलच्या काळात कधीतरी तिथे काँक्रीट ओतलंय. मग पाणी तुंबतं आणि तटाच्या पोटात शिरतं. बाहेरून तट जिथे फुगलाय ती जागा आणि आत हा कोपरा, एकाच रेषेत. फुगवट्याचं आम्ही पिंपळावर ढकललं होतं, अर्धा गुन्हा या बुजलेल्या मोरीचा.

13 नोव्हेंबर 2009
फयान वादळ. दहा तारखेच्या रात्रीपासून वारा आणि 11 ला दिवसभर. नोव्हेंबरात असा पाऊस कुणाच्या डोक्यातच नव्हता, आम्ही ताडपत्र्या घड्या घालून ठेवलेल्या. पश्चिमेच्या बुरुजाचा गिलावा आठ दिवसांचा, अजून हिरवा. चुना सिमेंटसारखा रात्रीत धरत नाही, तो हवेतला वायू घेऊन हळूहळू परत दगड होतो, त्याला आठवडे लागतात. रात्री दोघं-तिघं चढलो, ताडपत्री बांधायला गेलो तर ती हातातून उडाली आणि एक जण जवळजवळ तिच्याबरोबर गेला. मी सगळ्यांना खाली घेतलं. गिलावा जाऊ दे.

सकाळी बघितलं, अर्धा वाहून गेलेला, पायथ्याशी पांढरं दूध साचलेलं. पण मला आज त्याबद्दल लिहायचंच नाहीये खरं तर. आमच्या किनाऱ्यावरच्या होड्या परत आलेल्या नाहीत. साइटवरच्या एका पोराचा मामा मालवणच्या बाजूला ट्रॉलरवर होता. पोराला पैसे देऊन घरी पाठवला. बाकीची पोरं आज कामाला आली पण कुणी बोलत नव्हतं, सगळे मधे मधे समुद्राकडे बघत होते.

(16 तारीख. मामा सापडला, जिवंत आहे. सगळेच सापडले नाहीत.)

8 फेब्रुवारी 2010
वाईट दिवस. डिसेंबरात केलेल्या आतल्या दोन खोल्यांच्या भिंतींवर फुटकुळ्या आल्या. बोटाच्या पेराएवढे खळगे, प्रत्येक खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका. म्हंजे न विरलेले खडे मसाल्यात राहिले, भिंतीत गेल्यावर ओल घेऊन आता फुगले आणि गिलावा फोडून बाहेर आले. त्या लॉटची कळी नीट भाजलेली नव्हती, काही जास्त जळलेली. ज्यांनी पुरवली ते म्हणतात तुमच्या माणसांनी नीट चाळली नाही. दोन्ही खरं आहे. भट्टीचं चुकलं, आणि मी तो लॉट सहा आठवड्यांतच उचलला, तीन महिने थांबलो नाही, कारण फयानमध्ये गेलेला वेळ भरून काढायचा होता. ती सही माझी आहे.

दोन्ही खोल्यांचा गिलावा पूर्ण काढायचा. मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत, स्वतः छिन्नी घेऊन पहिला पोपडा त्यांनी काढला. संध्याकाळी बारीक जाळीची नवीन चाळण आणली आणि खड्ड्यांवर पाट्या लावल्या, भिजवल्याची तारीख आणि खाली "याच्या आधी हात लावू नये" ती तारीख.

30 एप्रिल 2010
कौलं चढली. आढं, वासे, रीप नवीन, कौलं मंगळुरी. दीड वर्षात पहिल्यांदा आतमध्ये सावली आहे आणि दुपारचं जेवण सगळ्यांनी तिथे केलं.

20 सप्टेंबर 2010
चतुर्थी करून सगळे परत आले. मोरी उघडल्यानंतरचा हा पहिला पावसाळा. तटाचा फुगलेला भाग मेमध्ये उतरवून परत बांधलेला, त्याच्या आत हात लावून बघितला, दमट आहे, ओला नाही. पायथ्याशी लोणा, म्हंजे भिंतीतलं मीठ, फुटायचा तोही यंदा निम्म्यावर. काँक्रीट फोडायला आम्हाला चार दिवस लागले होते, मशीन लावायचं नाही, हातोडा आणि छिन्नी, कारण हादरे भिंतीला नकोत. खालची जुनी मोरी चिऱ्यात कोरलेली निघाली, तळ गुळगुळीत झालेला, नुसत्या पाण्याने. काही करावं लागलं नाही. कचरा काढला आणि ती चालू झाली.

14 जानेवारी 2011
आज मोठी मीटिंग, वापराबद्दल. आत्तापर्यंत आम्ही किल्ला दुरुस्त करत होतो, आजपासून तो कार्यक्रमांसाठी तयार करायचा आहे, आणि ही दोन वेगळी कामं आहेत हे आज टेबलाभोवती बसल्यावर सगळ्यांना कळलं.

मुद्दा साधा आहे. ही अख्खी वास्तू माणसं आत येऊ नयेत म्हणून बांधलेली आहे. चढ मुद्दाम उभा, वाट मुद्दाम वळणाची, दार मुद्दाम अरुंद, दाराच्या वरच भोक, आत घुसणाऱ्याच्या डोक्यावर उकळतं तेल ओतायला. नंतर जेल झालं तेव्हा हेच सगळं उलट्या दिशेने कामाला आलं, आतली माणसं बाहेर जाऊ नयेत. साडेचारशे वर्षं या दाराने फक्त अडवलंय. आणि आता आम्ही म्हणतोय की याच दारातून आज्या, लहान मुलं, तंबोरा घेतलेली माणसं आत यावीत, दोन तास आनंदात बसावीत आणि दिवे गेले तरी सुखरूप बाहेर पडावीत.

एकाने सुचवलं दुसरं दार पाडू, मागच्या बाजूने. मी नको म्हणालो, खूप जोरात म्हणालो बहुतेक, सगळे बघायला लागले. तटाला भोक पाडायचं तर मग आपण दोन वर्षं चिऱ्यांवर आकडे कशाला घालत होतो? दार तेवढंच राहणार, मग माणसं किती घ्यायची ते दाराने ठरवायचं. तिकीट विकणाऱ्याने नाही, स्टेजवाल्याने नाही. दारातून आणि पाखाडीवरून, म्हंजे पायऱ्यांच्या वाटेवरून, किती माणसं किती वेळात घाई न करता उतरतात ते मोजायचं आणि तो आकडा म्हंजे किल्ल्याचा आकडा, त्याच्या वर एक नाही. मोठे कार्यक्रम करायला पणजीत कला अकादमी आहेच की, नदीच्या पलीकडे. इथे छोटेच व्हावेत.

बराच वाद झाला. पैशाचं गणित मांडणारे चुकीचे नव्हते, एवढ्या मोठ्या वास्तूला दरवर्षी चुना लागणार, कौलं लागणार, माणूस लागणार, ते पैसे कुठून येणार. हे मला मान्य आहे, किल्ला नुसता दुरुस्त करून कुलूप लावला तर दहा वर्षांत परत पिंपळ. माणसं येत राहिली तरच कुणीतरी मोरीतला कचरा काढेल. पण आकडा दाराने ठरवायचा, हे मी वहीत लिहून ठेवतो, मिनिट्समध्ये आलं नाही तरी.

संडास, पाणी, कठडे यावर वेळच उरला नाही. पुढच्या वेळी.

3 मार्च 2011
वायरिंगवाल्यांच्या माणसाने न विचारता तटात चार भोकं पाडली. ड्रिलने. क्लॅम्प लावायला. चिऱ्याच्या मधोमध, दरजेत नाही. मी वर पोचेपर्यंत चौथं झालं होतं. बिचारा पोरगा होता, विशीतला, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, तो रोज फ्लॅटमध्ये काम करतो, भिंत म्हंजे त्याच्यासाठी भोक पाडायची जागा. त्याला ओरडलो नाही, त्याच्या साहेबाशी बोललो. मग पोराला बसवून दाखवलं, पाडायचंच असेल तर दरजेत पाड, ती चुन्याने परत भरता येते, चिऱ्यात पाडलंस तर ते कायमचं. आणि शक्यतो पाडूच नको, वायर फरशीच्या खालून चर काढून ने, जिथे वर चढवायची तिथे कोपऱ्यातून लाकडी पट्टीच्या आड.

आजपासून नियम लिहून दारावर: भिंतीला खिळा नाही, स्टेज स्वतःच्या पायावर उभं राहील असंच, लाइटचे स्टँड खाली वजन ठेवून, जनरेटर खाली रस्त्याला, वर नाही.

19 ऑक्टोबर 2011
आज आवाज बघितला. रीतसर काही नाही, संध्याकाळी काम सुटल्यावर. आमच्यातला एक जण मांद्र्याचा, घुमट हे मातीच्या मडक्याचं वाद्य वाजवतो, आरतीला घरी घेऊन जायचं म्हणून ते आज बरोबर होतं. त्याला चौकात मधोमध बसवला आणि आम्ही पांगलो, एक तटावर, एक खोलीत, मी बुरुजावर.

पहिला ठोका पडला तेव्हा मला वाटलं होतं घुमेल, दगडी चौक आहे, सगळीकडून परत येईल. नाही आलं. जांभ्याच्या भोकाभोकांत आवाज मुरतो बहुतेक, आणि आमचा गिलावापण चुन्याचा, गुळगुळीत नाही. घुमटाचा तो पोटातून येणारा "धुम्म" स्वच्छ येत होता आणि लगेच संपत होता, पुढच्या ठोक्याला जागा करून देत होता. खोलीतला म्हणाला आत जरा गोंगाट होतो. तटावरचा म्हणाला बोटं सुद्धा ऐकू येतायत. मी बुरुजावर, मधे पंचवीस-तीस पावलांचं अंतर, मागे नदीत खनिजाची बार्ज चाललेली तिचं इंजिन, तरी घुमट वेगळं ऐकू येत होतं.

मग खाली गावात उतरलो, चर्चच्या पायऱ्यांपाशी. तिथे अगदी पुसट. पण हे माइकशिवाय. स्पीकर लावले आणि तोंड खाली केलं तर गाव झोपणार नाही. रात्री दहाचा नियम सगळ्या देशाला आहेच, 2000 सालचा, पण इथे मला वाटतं दहाच्या आधीसुद्धा स्पीकर नदीकडे तोंड करून आणि शक्य तेव्हा स्पीकरच नको. ज्या गाण्याला स्पीकरची भिंत लागते ते गाणं या चौकाचं नाही. सतार, घुमट, मांडो ही गोव्याची गाणी म्हणणारे आठ-दहा जण, व्हायोलिन, भजन, हे इथे नुसतं बसून होईल. लिहून पाठवलं वर.

12 डिसेंबर 2011
काल व्यंगचित्रकार मारियो मिरांडा गेले. लोटलीच्या घरी, 85 वर्षांचे होते. त्यांची चित्रं इथल्या खोल्यांमध्ये लागायची आहेत, त्याच दोन खोल्या ज्यांचा गिलावा मी दोनदा केला त्यातली एक त्यात आहे. मी चित्रातला माणूस नाही, पण त्यांची पणजी, ते बाजार, बसमधली गर्दी, कोंबड्या, पाद्री, टीव्हीसमोर झोपलेली म्हातारी, हे सगळ्या गोव्याला पाठ आहे. त्यांची गर्दी बघितली की वाटतं याने प्रत्येक माणूस वेगळा बघितलाय. कागदाला ओल चालत नाही. उद्यापासून त्या खोल्यांची ओल रोज मोजायची, सकाळी आणि संध्याकाळी, वेगळी वही.

20 डिसेंबर 2011
काल गोवा मुक्तीला 50 वर्षं झाली. पणजीत कार्यक्रम होते. इथे दुपारी एक रिक्षा आली, त्यातून एक खूप म्हातारे गृहस्थ आणि त्यांची नात. साइट बंद, पण त्यांनी गेटवर सांगितलं, "हांव हांगा आशिल्लों." मी इथे होतो. कैदेत, पोर्तुगीजांच्या.

मी स्वतः हात धरून वर आणलं. पाखाडीला अजून कठडा नाही, तीन ठिकाणी थांबलो, त्यांचा श्वास लागला होता. वर आल्यावर मला वाटलं ते कोठड्या बघतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "संडास खंय?" आणि आमच्याकडे पाहुण्याला दाखवता येईल असा संडास नव्हता. गड्यांसाठी केलेला आडोसा आहे, खाली, परत तेवढ्या पायऱ्या उतरून. नातीचा चेहरा मला बघवेना. शेवटी एका खोलीत बादली आणि पाणी देऊन दार लावून मी बाहेर पहाऱ्याला उभा राहिलो. बाहेर आल्यावर ते म्हणाले, तेव्हापण असंच होतं, बादलीच. रागाने नाही म्हणाले, नुसतं सांगितलं.

आज सकाळी वरच्या ऑफिसला फोन केला. संडास आणि कठडा हे एका वर्षापासून "पुढच्या मीटिंगमध्ये" आहेत. मी म्हटलं, ते दोन्ही झाल्याशिवाय दुसऱ्या कशावरच सही करणार नाही. संडासाची जागा अशी हवी की जुन्या बांधकामाला धक्का लागणार नाही, पाइप मोरीत सोडायचा नाही, आणि चौकापासून एका म्हाताऱ्या माणसाला एकदाही न थांबता पोचता आलं पाहिजे. कठडा तटात रोवायचा नाही, पायरीच्या कडेला स्वतंत्र पायावर.

11 मे 2012
दाराची मोजणी. रात्री साडेआठला, मुद्दाम अंधारात. आमचे सगळे गडी, त्यांच्या बायका, खालच्या गावातली वीस-पंचवीस माणसं, तीन लहान मुलं, दोन काठी घेणाऱ्या बायका. सगळ्यांना चौकात खुर्च्यांवर बसवलं, दहा मिनिटं गप्पा मारू दिल्या, मग मी मेन स्विच पाडला. बॅटरीवरचे दिवे लागले, पायरीच्या खाली बसवलेत ते, डोळ्यांत येत नाहीत, पाय कुठे ठेवायचा तेवढंच दाखवतात. सांगितलं, घाई नको, चला.

गर्दी दारात नाही झाली. दाराच्या अलीकडे वळण आहे तिथे झाली, जिथे लोक आपोआप थांबून मागच्याची वाट बघतात, आई मुलाची, नवरा बायकोची. ते आम्ही धरलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी त्या वळणावर एक माणूस उभा केला, फक्त "खाली भेटा, खाली भेटा" म्हणायला, आणि वेळ जवळजवळ एक तृतीयांश कमी झाला. एक कठडा, एक दिवा, एक माणूस. काठीवाल्या दोघींपैकी एकीला विचारलं कसं वाटलं, तर म्हणाली कठडा जरा थंड आहे, लाकडाचा केला असता तर. बरोबर आहे तिचं. लोखंडावर लाकडाची पट्टी बसवायला उद्या सुतार येतोय.

आकडा काढला, लिहून दिला, दारावर पाटी लागेल. मिस्त्री बघत होते, म्हणाले, एवढी माणसं या दारातून हसत बाहेर येताना आज पहिल्यांदाच बघितली असतील या भिंतींनी. मी काही बोललो नाही, मला खरंच भरून आलं होतं.

20 जून 2012
या महिन्यात किल्ला लोकांसाठी उघडला. भाषणं झाली, मी मागे होतो, माझं लक्ष आभाळाकडे.

पाऊस आता नीट लागलाय. आज दुपारी जोराची सर आली तेव्हा आत वीस-एक माणसं होती, मारियोंच्या चित्रांच्या खोलीत आणि ओसरीवर. कुणी पळालं नाही, सगळे ओसरीच्या काठाला येऊन पाऊस बघत उभे राहिले. एका लहान मुलीने कागदाची होडी चौकात सोडली. ती उतारावरून त्या कोपऱ्याकडे गेली, एकदा फिरली, आणि मोरीत गेली. ती मुलगी तटाच्या कडेला धावली, खाली कुठे निघते ते बघायला. मी आधीच तिथे उभा होतो. अर्ध्या मिनिटाने खाली कड्यावरून पाणी पडतं तिथे निघाली, लगदा होऊन.

चित्रांच्या खोलीतली ओल सकाळी आणि संध्याकाळी सारखीच. पश्चिमेच्या बुरुजावर दोन दरजा मोकळ्या दिसतायत, ऑक्टोबरात भरायच्या. चुना उद्या भिजत घालायचा म्हंजे तोपर्यंत मुरेल. संडासाच्या बाहेर पाय पुसायला गोणपाट ठेवायचं, लोक चिखलाचे पाय घेऊन येतायत.